अकरा ओळी आणि एक वचन

'लायब्ररी' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो उच्चारताना कोणी त्याच्या अर्थाकडे पाहत नाही. ग्रंथालयातून पुस्तक घरी आणले, की परत करेपर्यंत त्यातील मजकूर तोच राहतो. लेखकाचे मत मधल्या काळात पालटले म्हणून आपल्या कपाटातील प्रतीची पाने आपोआप पालटत नाहीत, आणि लेखक प्रकाशकावर रुसला म्हणून पुस्तक कपाटातून नाहीसेही होत नाही. संगणकाच्या व्यवहारात 'लायब्ररी' म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला आणि आपल्या आज्ञावलीत वापरता येण्याजोगा मजकूर. जावास्क्रिप्ट या भाषेपुरते बोलायचे तर, वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टींची खात्री तेथे फार काळ नव्हती. ती खात्री मिळविण्याची धडपड म्हणजेच या भाषेतील प्रकल्पांच्या मांडणीचा इतिहास, असे आमचे मत आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक. प्रती, पाठभेद, प्रक्षेप हा आमचा नित्याचा विषय. जाणकार मंडळी या मांडणीकडे केवळ सोय म्हणून पाहतात. आम्हांला ती दस्तऐवज म्हणून दिसते. आज कोणताही जावास्क्रिप्ट प्रकल्प उघडावा, तर मुख्य फोल्डरातच दहा-पंधरा फाइली पसरलेल्या आढळतात. त्यांत मूळ कामाचा मजकूर नसतोच. असते ती त्या कामाची व्यवस्था. यांतील बहुतेक फाइल कोणत्या ना कोणत्या जुन्या भांडणाचा तहनामा आहे.

पहिले भांडण नावांचे. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना तयार केला. संकेतस्थळाच्या पानावर थोडी हालचाल आणावी, फॉर्ममध्ये भरलेला मजकूर तपासावा, एवढीच तेव्हा तिच्याकडून अपेक्षा होती. त्यामुळे एका फाइलने दुसऱ्या फाइलला 'मला तुझ्यातील अमुक गोष्ट हवी' असे सांगण्याची सोयच भाषेत नव्हती. पानावर फाइली ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने ब्राउझर त्या वाचून चालवी, आणि सगळ्यांची नावे एकाच सामायिक अंगणात येऊन पडत. दोन फाइलींनी एकच नाव वापरले, तर नंतर आलेली फाइल आधीच्या नावावर बसे. तक्रार नाही, सूचना नाही. २००५ सालची प्रोटोटाइप ही लायब्ररी आणि २००६ साली जॉन रेसिग यांनी प्रसिद्ध केलेली जेक्वेरी, या दोघींनीही आपल्या मुख्य फंक्शनला '$' हे एकच चिन्ह दिले होते. दोघी एका पानावर आल्या, की एकीचा संसार मोडे. अखेर जेक्वेरीने 'नो-कॉन्फ्लिक्ट' नावाची सोय दिली. तिचा अर्थ एवढाच, की मी '$' वरचा हक्क सोडते, मला पूर्ण नावाने हाक मारा. एखाद्या लायब्ररीने सौजन्याचे असे स्वतंत्र कलम लिहावे, हे आम्हांला त्या काळाचे मोठे बोलके चिन्ह वाटते.

त्या काळी लायब्ररी मिळवायची म्हणजे तिची फाइल उतरवून घ्यायची आणि आपल्या फोल्डरात ठेवायची. आवृत्तीचा क्रमांक बहुधा फाइलच्या नावातच असे. ती कोठून आणली, का आणली, नंतर कोणी तिच्यात दोन ओळी बदलल्या काय, याची नोंद कोठेही नाही. ही पद्धत अडाणी होती, असे आज सर्रास म्हटले जाते. तिचा एक गुण मात्र विसरला जातो: ती प्रत तुमची होती. लेखकाने पुढे काहीही केले तरी तुमच्या कपाटातील पुस्तक हलत नसे.

हे चित्र पालटले २००९ साली. जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर वापरू पाहणाऱ्यांसाठी केव्हिन डँगूर यांनी त्या वर्षाच्या जानेवारीत एक आवाहन लिहिले. फाइलींनी एकमेकींना मागणी कशी करावी, लायब्ऱ्या कशा बांधाव्या, कोठून आणाव्या, याचे सर्वमान्य संकेत हवेत, असा त्याचा आशय होता. त्यातून जे मंडळ उभे राहिले त्याचे नाव पुढे 'कॉमनजेएस' असे झाले. त्याच वर्षी रायन डाल यांनी नोड ही प्रणाली मांडली आणि तिने कॉमनजेएसची मागणीची रीत, म्हणजे 'रिक्वायर', उचलली. २०१० मध्ये आयझॅक श्लूटर यांची एनपीएम आली आणि सामायिक अंगणाच्या जागी एक सामायिक नोंदवही उभी राहिली. कोणीही यावे, आपल्या लायब्ररीस नाव द्यावे, ती नोंदवावी. नाव जो आधी घेईल त्याचे.

प्रत्येक प्रकल्पात 'पॅकेज.जेसन' नावाची फाइल असते ती येथून पुढे. प्रकल्पाचे नाव, त्याची आवृत्ती आणि त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी, असे तिचे मुख्य स्वरूप. एका आज्ञेने यादीतील सर्व लायब्ऱ्या, त्यांना लागणाऱ्या लायब्ऱ्या आणि त्यांना लागणाऱ्या आणखी लायब्ऱ्या 'नोड-मॉड्यूल्स' या फोल्डरात येऊन पडतात. नावांचे जुने भांडण येथे निराळ्या प्रकारे मिटविले गेले. दोन लायब्ऱ्यांना तिसरीच्या भिन्न आवृत्त्या हव्या असतील, तर दोघींनाही आपापली प्रत दिली जाई. फोल्डराच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी फोल्डर. विंडोजवर हे प्रकरण इतके खोल गेले, की फाइलच्या पत्त्याला असलेली २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली जाऊ लागली आणि काही फोल्डर पुसताही येईनात! २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत एनपीएमने शक्य तेवढ्या प्रती वरच्या थरात आणून ही उतरंड आटोक्यात आणली.

आता या यादीतील एका लहानशा चिन्हाकडे वळू, कारण आमच्या विषयाचे मर्म तेथे आहे. आवृत्तीचा क्रमांक तीन आकड्यांचा असतो: समजा, १.४.२. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या संकेतानुसार शेवटचा आकडा केवळ दुरुस्ती दर्शवितो. मधला आकडा जुन्याला धक्का न लावता आलेली भर सांगतो आणि पहिला आकडा वाढला, की जुने काम मोडू शकते असे समजावे. २०१४ पासून एनपीएम यादीत लायब्ररी लिहिताना क्रमांकाआधी '^' हे टोपीसारखे चिन्ह आपण होऊन घालू लागली. त्याचा अर्थ असा, की पहिला आकडा तोच ठेवून यापुढील कोणतीही आवृत्ती चालेल. म्हणजे यादीत लिहिलेले असते ते पुस्तक नव्हे. ते पुस्तक आणि त्याच्या लेखकाने पुढे काढावयाच्या आवृत्त्या, ज्या अजून लिहिल्याही गेलेल्या नाहीत. हे एक वचन आहे. ते देणारा बहुधा अनोळखी असतो, आणि ते घेणाऱ्याला आपण काही घेतले आहे याची जाणीवही नसते.

हे वचन कशावर उभे होते, ते २२ मार्च २०१६ रोजी जगाला कळले. अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने एनपीएमवर 'किक' या नावाची एक लायब्ररी नोंदविली होती. नवा प्रकल्प उभारताना मदत करणारे ते एक साधन होते. कॅनडातील किक या संदेशसेवेच्या कंपनीला तेच नाव हवे होते. पत्रव्यवहार झाला, तो कडवट झाला, आणि एनपीएमच्या चालकांनी नाव कंपनीकडे सोपविले. कोचुलूने संतापून आपल्या सर्व, म्हणजे २७३ लायब्ऱ्या नोंदवहीतून काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाची एक होती.

लेफ्ट-पॅडचे काम सांगायचे तर आवक-जावक नोंदवहीतील कारकुनाचे उदाहरण पुरे. तो ४७ न लिहिता ००४७ लिहितो, म्हणजे रकाना सरळ दिसतो. मजकुराच्या डावीकडे ठरलेल्या लांबीपर्यंत भर घालणे, एवढेच ते काम, आणि त्यासाठी अकरा ओळी. परंतु या अकरा ओळी दुसऱ्या एका लायब्ररीला लागत, ती तिसरीला लागे, आणि अशा साखळीने त्या बेबल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या तळाशी जाऊन बसल्या होत्या. ज्यांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्या प्रकल्पांची बांधणी जगभर एकाएकी बंद पडली.

पुढचा तपशील आम्हांला अधिक उद्बोधक वाटतो. अवघ्या दहा मिनिटांत दुसऱ्या एका प्रोग्रॅमरने त्याच नावाने तसाच मजकूर नोंदविला. तरीही बांधणी होईना! कारण नव्या नोंदीचा क्रमांक १.०.० होता आणि साखळीतील एका लायब्ररीने नेमकी ०.०.३ हीच आवृत्ती मागितली होती. शब्द तेच, अर्थ तोच. प्रत मात्र ती नव्हे. अखेर एनपीएमने मूळ ०.०.३ आपल्या अधिकारात पुन्हा ठेवली. खुल्या परवान्याने प्रसिद्ध केलेला मजकूर असल्याने तसे करण्यात कायद्याचा अडसर नव्हता. लेखकाची इच्छा नसताना त्याची कृती पुन्हा प्रकाशात आणली गेली, असाही याचा अर्थ होतो.

दोष कोणाचा, यावर तेव्हा बरीच शाई, अर्थात आभासी, खर्ची पडली. 'अकरा ओळीही तुम्हांला स्वतः लिहिता येत नाहीत काय?' असा उपहास झाला. हा उपहास आम्हांला उथळ वाटतो. लहान कामाची एकच तपासलेली प्रत सर्वांनी वापरावी यात गैर काही नाही. कोशकार तेच करतात. खरा पेच असा, की त्या नोंदवहीत लेखकाला आपली कृती केव्हाही मागे घेण्याचा अधिकार होता आणि वाचकाने ती कायम राहील असे धरून घर बांधले होते. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, पण त्या एकत्र नांदणे शक्य नव्हते. त्यानंतर आठवडाभरातच एनपीएमने नियम बदलला: प्रकाशनाला २४ तास उलटले, की लेखकाला एकट्याच्या मर्जीने कृती काढता येणार नाही. म्हणजे निवाडा वाचकाच्या बाजूने लागला.

कृती नाहीशी होण्याचे भय याने बरेचसे संपले. ती बदलण्याचे भय उरलेच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेसबुकने इतर काहींच्या सहकार्याने यार्न हे साधन आणले. त्याची खरी देणगी म्हणजे लॉक-फाइल. प्रत्यक्षात कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती आली, हे साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत ती लिहून ठेवते. एनपीएममध्ये अशी सोय त्याआधीही होती, परंतु ती मुद्दाम मागावी लागे. २०१७ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर 'पॅकेज-लॉक.जेसन' आपोआप बनू लागली. तीत प्रत्येक प्रतीपुढे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक खूण असते. मजकुरात एक अक्षर जरी फिरले तरी खूण जुळत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ निश्चित केला आणि यापुढे त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. त्या बजावणीची आठवण आम्हांला या खुणेपाशी होते. येथे बजावणीचे काम गणित करते, इतकेच.

मात्र हा पाठ ज्याच्या त्याच्या घरापुरता. एखाद्या लायब्ररीच्या लेखकाने स्वतःची लॉक-फाइल कितीही जपली तरी ती वापरणाऱ्याकडे जात नाही. ज्याचा प्रकल्प त्याचीच लॉक-फाइल मानली जाते. आणि नवी आवृत्ती घ्यायची ठरविली, की ती फाइल पुन्हा लिहिली जाते. तेव्हा पाठ निश्चित राहतो तो पुढील बदलापर्यंतच.

आता उरलेल्या फाइलींविषयी थोडे. २०१२ मध्ये ग्रंट, पुढच्या वर्षी गल्प, मग वेबपॅक, बेबल, अशी एकामागून एक साधने येत गेली आणि प्रत्येकाने आपल्या सेटिंगची स्वतंत्र फाइल आणली. २०१५ च्या अखेरीस आलेली बेबलची सहावी आवृत्ती तर नुसती बसविली असता काहीच करीत नसे. काय करायचे ते आधी लिहून द्यावे लागे. या ओझ्याला कंटाळलेल्यांसाठी जुलै २०१६ मध्ये फेसबुकमधील मंडळींनी 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' काढले. सगळी सेटिंगे पडद्याआड, तुम्ही फक्त आपले काम लिहा. पण त्यात 'इजेक्ट' नावाची एक आज्ञा होती. ती दिली, की पडद्याआडचा सारा पसारा तुमच्या फोल्डरात येऊन पडे, आणि मागे फिरण्याची वाट नसे. एकत्र कुटुंबातून वाटणी घेऊन बाहेर पडल्यावर घर चालविणे म्हणजे काय हे पहिल्याच महिन्यात कळावे, तशी अनेकांची गत झाली असणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे साधन अधिकृतपणे निवृत्त करण्यात आले.

या सेटिंगांच्या फाइलींबद्दल आमची एक तक्रार आहे, आणि ती शुद्ध मराठीच्या अध्यापकाची आहे. पॅकेज.जेसन ज्या जेसन लिपीबंधात लिहितात त्यात टीप लिहिता येत नाही. हा बंध रूढ करणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी टिपा जाणूनबुजून वगळल्या. लोक टिपांत यंत्रासाठीच्या सूचना दडवू लागतील आणि एकच मजकूर दोन ठिकाणी दोन प्रकारे वाचला जाईल, अशी त्यांना धास्ती होती. ती खोटी नव्हती. परंतु परिणाम असा झाला, की जगातील असंख्य प्रकल्पांच्या मुखपृष्ठावर समास उरला नाही. अमुक लायब्ररी जुन्याच आवृत्तीवर का रोखून धरली आहे? कोणाला, केव्हा, कोणता दोष आढळला होता? लिहिणाऱ्याला ठाऊक असते, पण लिहायला जागा नसते. तो नोकरी सोडून जातो आणि क्रमांक तेवढा मागे राहतो. काहींनी दोन तिरक्या रेघा हेच नाव असलेली नोंद करून तिच्यात टीप भरण्याची युक्ती काढली. टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलीत मात्र टिपा चालतात. हस्तलिखिताच्या समासातील नोंदींवर ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना या उणिवेचे मोल वेगळे सांगायला नको.

या व्यवस्थेवर तिच्या जनकानेच ठपका ठेवला, तो प्रसंगही नमूद करावयास हवा. जून २०१८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत रायन डाल यांनी नोडबद्दल आपल्याला पस्तावा वाटणाऱ्या दहा गोष्टींवर व्याख्यान दिले. त्यांत पॅकेज.जेसन होती आणि नोड-मॉड्यूल्सही होते. त्याच व्याख्यानात त्यांनी डेनो ही नवी प्रणाली मांडली. तिच्यात तेव्हा यादी नव्हती, मध्यवर्ती नोंदवही नव्हती. लायब्ररी हवी तर तिचा पूर्ण पत्ता आपल्या मजकुरातच लिहावा. विचार स्वच्छ होता. पण तोवर साऱ्या जगाचा ग्रंथसंग्रह एनपीएममध्ये साठला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेनोची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा तिला पॅकेज.जेसनही समजत होती आणि नोड-मॉड्यूल्सही. नोंदवही एकदा रूढ झाली, की ती चांगली की वाईट हा प्रश्न गौण ठरतो.

दरम्यान नोंदवहीचे मालकही बदलले होते. २०२० मध्ये गिटहबने, म्हणजे पर्यायाने मायक्रोसॉफ्टने, एनपीएम विकत घेतली. लायब्ऱ्या लिहिणारे मात्र जेथे होते तेथेच राहिले: आपल्या फावल्या वेळात, बहुधा विनामोबदला. 'इव्हेंट-स्ट्रीम' या लायब्ररीच्या लेखकाला ती स्वतःला लागेनाशी झाली होती. कोणी अनोळखी व्यक्तीने सांभाळण्याची तयारी दाखविली, त्याने ती देऊन टाकली. सप्टेंबर २०१८ मध्ये नव्या धन्याने तिच्या साखळीत एक कडी जोडली, आणि त्या कडीत पुढे कोपे या बिटकॉइनच्या पाकिटातून पैसे चोरण्याची आज्ञा आली. हे उघड झाले नोव्हेंबरात. वाढला होता तो क्रमांकातील शेवटचा आकडा. '^' या चिन्हाच्या दृष्टीने ती केवळ दुरुस्ती होती. जुन्या लेखकावर लोक तुटून पडले. आम्हांला त्यात न्याय दिसत नाही. ज्या कामासाठी कोणी कधी पैसा दिला नाही, ते काम त्याने जन्मभर राखावे असा करार कोठे झाला होता? जानेवारी २०२२ मध्ये 'कलर्स' आणि 'फेकर' या लायब्ऱ्यांच्या लेखकाने त्या स्वतःच बिघडविल्या. मोठ्या कंपन्यांसाठी यापुढे आपण फुकट राबणार नाही, असे त्याने २०२० मध्येच जाहीर केले होते. त्याची रीत आम्हांला मान्य नाही. प्रश्न मात्र त्याचा एकट्याचा नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक', 'डीबग' आदी अतिशय लोकप्रिय लायब्ऱ्या सांभाळणाऱ्या एकाला फसवे पत्र पाठवून त्याचे खाते बळकावण्यात आले आणि त्या लायब्ऱ्यांच्या विषारी आवृत्त्या नोंदविल्या गेल्या. त्याच महिन्यात 'शाय-हुलूड' नावाचा किडा आला. तो एका लेखकाच्या यंत्रातील चाव्या चोरी, त्यांच्या आधारे त्याच्या इतर लायब्ऱ्यांत शिरे, आणि तेथून पुढे पसरे. यावर काही साधनांनी एक साधा उपाय दिला आहे: नवी आवृत्ती प्रकाशित झाल्यावर ठरावीक काळ उलटेपर्यंत ती घ्यायचीच नाही. मधल्या काळात कोणीतरी ती तपासेल, असा त्यामागचा हिशेब. सर्वांनीच थांबायचे ठरविले तर ती उघडून पाहणार कोण, हा आक्षेप लगेच आला. तपासणाऱ्या संस्था नोंदवहीत येणारी प्रत्येक आवृत्ती कोणी वापरण्याची वाट न पाहता वाचून काढतात, हे त्याला उत्तर. २०१४ साली यादीत आलेले ते टोपीसारखे चिन्ह मात्र अजून तेथेच आहे, आणि नवी लायब्ररी जोडली की एनपीएम ते आजही आपण होऊन घालते.